सुट्या बटणांचा शनिवार

"कोटाची चालतात का हो? की फक्त शर्टाची?"

फोनवरचा माणूस वयस्कर होता आणि त्याला घाई अजिबात नव्हती. ताईंनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. गुरुवारची दुपार होती. अंक सकाळीच घरोघर पडला होता.

"काय चालतात?" त्यांनी उगीचच विचारलं.

"बटणं हो. तुम्हीच छापलंय ना? 'सुटी बटणे आणा, जोडी जुळवा. शनिवारी चार ते सहा, वाचनालयामागची खोली.' माझ्याकडे एक कोट आहे. म्हणजे आमच्या हिचा. त्याचं एक बटण गेलंय. मोठं, हिरवं."

"चालतात," ताई म्हणाल्या. "कोटाचीही चालतात."

फोन ठेवला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण असा काही कार्यक्रमच नव्हता. सोमवारी संध्याकाळी नवऱ्याच्या शर्टाला बटण लावताना तो त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता.

गावात दोन साप्ताहिकं होती आणि दोन्ही फुकट. त्यांना चांगली भारदस्त नावं होती, पहिल्या पानावर ठसठशीत छापलेली, पण ती नावं फक्त संपादकांच्या तोंडी असत. बाकी सगळे त्यांना गुरुवारचा आणि शुक्रवारचा म्हणत. फुकटच्या अंकाचं जे होतं तेच त्यांचं व्हायचं. चाळून झाला की कपाटात अंथरायचा, नाहीतर ओल्या बुटांत कोंबायचा. फक्त गुरुवारच्याचं एक पान कात्रीने कापून घरोघरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागायचं. त्या पानाचं नाव 'या आठवड्यात', आणि ते पान ताईंचं.

कुठल्या गल्लीत पाणी बंद, रविवारी कुठलं औषधाचं दुकान उघडं, व्याख्यान कुणाचं, गाण्याची तालीम कुठे, कुणाची सायकल फुकट द्यायची आहे, कुणाचं मांजर हरवलंय आणि कुणाला सापडलंय, असलं सगळं त्यात असे. ताई बावीस वर्षं ते पान करत होत्या. प्रत्येक नोंदीमागे एक फोन ठरलेला. एकदा अंक छापून झाल्यावर गाण्याची तालीम अर्ध्या तासाने पुढे गेली, तर ताई स्वतः जाऊन त्या हॉलच्या दारात अर्धा तास उभ्या राहिल्या होत्या, येईल त्याला सांगत. बावीस वर्षांत त्यांच्या पानावर एकदाही दुरुस्ती छापावी लागली नव्हती. त्यांचा नवरा बसच्या कचेरीत वेळापत्रकं बनवता बनवता निवृत्त झाला होता. तो म्हणायचा, "आमच्या गाड्यांपेक्षा तुझं पान वेळेवर." ताईंना याचा अभिमान होता, आणि तो लपवण्याचा त्यांनी कधी फारसा प्रयत्नही केला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी शुक्रवारच्यानेही असंच एक पान काढलं. नाव वेगळं, नोंदी त्याच. कधीकधी तर क्रमसुद्धा तोच. गुरुवारसाठी ताईंनी फोन करून करून जमवायचं आणि शुक्रवारी त्यांनी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं. ताईंना राग यायचा, पण मांजर ज्याचं त्याला मिळालं की तो निवायचा. संपादकांचा निवत नसे. माणूस वयाने ताईंहून लहान, मनाने चांगला, पण डोक्यात राख घालून घ्यायला सदैव तयार. त्यातच फर्निचरवाल्याने ऐकवलं होतं, "दोघांत तेच तर असतं. मग मी दोघांना जाहिरात कशाला देऊ?"

तेव्हा संपादकांनी काट्याने काटा काढायचं ठरवलं.

"ताई, एक खोटी नोंद घालायची. त्यांनी उचलली, की पुढच्या गुरुवारी पहिल्या पानावर: असा कार्यक्रमच नव्हता! रंगेहाथ!"

"माझ्या पानात?"

"तुमचंच तर चोरतात."

तीन दिवस ताई नाही म्हणाल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, बरं. पण नोंद अशी हवी, की तिच्यापायी कुणाची पायपीट व्हायला नको, कुणाची आशा लागायला नको. शर्टाच्या बटणाची जोडी डब्यात सापडेना, तेव्हा त्यांना ही कल्पना सुचली. एका सुट्या बटणासाठी घराबाहेर कोण पडतंय? वाचनालयामागची खोली शनिवारी रिकामी असते हे त्यांना ठाऊक होतं. गावातली कुठली खोली कधी रिकामी असते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि आता हा हिरव्या बटणाचा माणूस.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत आणखी चार फोन आले. एका बाईला विचारायचं होतं, हुक आणि चेन चालतील का. शुक्रवारी सकाळी आणखी दोन. आणि शुक्रवारी अकरा वाजता संपादक शुक्रवारचा अंक फडकवत आत आले.

"उचलली! शब्दन् शब्द उचलली! 'जोडी जुळवा'सकट!" त्यांनी अंक टेबलावर आपटला. "सापडले ताई, सापडले!"

"सात फोन आलेत," ताई म्हणाल्या.

"कसले?"

"बटणांचे."

संपादक हसले. मग ताईंचा चेहरा बघून थांबले. "सांगून टाका, चुकून छापलं म्हणून."

"चुकून? माझ्या पानावर?"

"मग रद्द झालं म्हणा."

"जे नव्हतंच ते रद्द कसं होईल? आणि ज्यांनी फोन केलाच नाही त्यांचं काय? ते येणार. कुलूप बघणार." ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या की त्यांना समोरचा माणूस धूसर दिसलेला बरा वाटे. "आणि पुढच्या गुरुवारी तुम्ही काय छापणार? की आम्ही जाणूनबुजून खोटं छापलं आणि त्यांनी ते खरं मानलं. अहो, आपल्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा गुन्हा ठरतो की यात!"

"ताई, अख्खं गाव त्यांना हसेल."

"आणि दाराशी बायकोचा कोट घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला कोण हसणार? मी नाही हसणार. मला रडू येईल."

संपादक खुर्चीत बसले. फर्निचरवाला त्यांच्या डोळ्यांसमोर उभा असावा.

"मी कार्यक्रम करते," ताई म्हणाल्या. "चार ते सहा. खोलीची किल्ली मागून ठेवलीये. म्हणजे नोंद खरीच होईल."

"आणि माझा सापळा?"

"तो तुमचा. पान माझं."

शेवटी दोघांत तडजोड ठरली. सहापर्यंत पाच माणसं जरी आली, तरी संपादक गप्प बसणार. नाही आली, तर पहिलं पान ठरल्याप्रमाणे. रिकाम्या खोलीचा फोटो काढायला ते स्वतः कॅमेरा घेऊन येणार होते. आपण जिंकणारच, असा त्यांचा चेहरा होता. आणि खरं सांगायचं तर ताईंनाही तसंच वाटत होतं.

शनिवारी साडेतीनला ताई आणि त्यांचा नवरा खोलीत पोचले. नवऱ्याने चार टेबलं ओढून एकाला एक लावली, त्यावर पांढरी चादर पसरली आणि मधोमध घरचा बटणांचा डबा ठेवला.

"बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कार्यक्रमाला माणसं धाडलीस," तो म्हणाला. "आज कळेल, यजमान होणं काय असतं ते."

"तुम्ही गप्प बसा आणि खुर्च्या मांडा."

"किती मांडू?"

ताई चादरीच्या सुरकुत्या काढू लागल्या. त्याने आपल्या मनाने बारा मांडल्या.

चार वाजले. संपादक कोपऱ्यातल्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसले होते, कॅमेरा मांडीवर. चार वाजून पाच मिनिटं झाली. ताईंनी डब्यातली बटणं चादरीवर ओतली आणि रंगांप्रमाणे लावायला घेतली. हात हलत राहिले की बरं असतं. चार वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं.

आत आला तो पन्नाशीचा, किडकिडीत, जाकीट घातलेला माणूस. तो दारातच उभा राहिला. संपादक ताडकन उठले.

"हा शुक्रवारवाला! त्यांचं ते पान करतो तो!"

माणूस कानापर्यंत लाल झाला. "आमच्याकडेही छापलंय ना," तो म्हणाला. "म्हटलं, खोली उघडी आहे का बघावं."

"तुम्ही बघायला येता?" ताईंनी विचारलं. त्यांना हे खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"सुरुवातीला यायचो. दर कार्यक्रमाला. मग सोडून दिलं. तुमचं कधी चुकतच नाही."

"मग आज का आलात?"

"बटणं म्हटल्यावर जरा शंका आली." तो ओशाळून हसला आणि त्याने डाव्या बाहीची कडा पुढे केली. तिथे दोराच लोंबत होता. "शिवाय हेही होतंच."

ताईंना खरं तर त्याला चार शब्द सुनवायचे होते. दोन वर्षं ते तयार होते. पण चोरी करणारा माणूस आपल्याइतकाच काळजीत पडून शनिवारी दुपारी इथवर आलाय हे बघून त्यांना राग येईना, आणि राग येत नाही याचाच थोडा राग आला. "बसा," त्या म्हणाल्या. "तपकिरी तिकडे आहेत."

"एक," कोपऱ्यातून संपादक म्हणाले. "आणि तोही त्यांचाच."

मग दोन बहिणी आल्या, दोघी सत्तरीच्या, एक भलामोठा पत्र्याचा डबा दोन बाजूंनी धरून. "आईपासूनची आहेत," थोरली म्हणाली, "हिला टाकवत नाहीत आणि मला ठेववत नाहीत." त्यांच्यामागून हुक आणि चेनवाली बाई आली. गाण्याच्या तालमीतल्या तिघी आल्या, कारण त्यांच्या गाण्याच्या पोशाखांना सारखी बटणं हवी होती. वाचनालयात पेपर वाचायला येणारे दोघे, आवाज कसला म्हणून डोकावले, ते बसलेच. साडेचारला नवऱ्याने शेजारच्या खोलीतून आणखी खुर्च्या आणल्या. कुणीतरी आपल्याकडच्या शिंपल्याच्या बटणाला दुसरं सापडलं म्हणून टाळी वाजवली, आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या शर्टांत नाक खुपसून "हे बघा, हे चालेल" म्हणू लागली. संपादकांनी पाचपर्यंत मोजलं. मग आठपर्यंत. मग मोजणं सोडलं.

"गेलं माझं पहिलं पान," ते म्हणाले आणि उठून फोटो काढू लागले. थोड्या वेळाने ताईंनी पाहिलं, तर कॅमेरा टेबलावर होता आणि संपादक थोरल्या बहिणीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते.

कोटवाले गृहस्थ पाचला आले. कोट त्यांनी घडी घालून कागदात गुंडाळून आणला होता. गडद हिरवा, जाड लोकरीचा. चार बटणं जागेवर, आणि वरून दुसऱ्या ठिकाणी नुसता तुटका दोरा.

"चार वर्षं तसाच वापरत होती," ते म्हणाले. "मी म्हणायचो, लावून घेऊ की. कुठे मिळतंय ते बघू. राहून गेलं. आता कपाट आवरायला काढलं, तर म्हटलं, देण्याआधी पुरा करून द्यावा."

बहिणींनी आपला डबा पुढे सरकवला. मग सगळ्यांनी मिळून शोधायला घेतलं. दोन्ही डबे उपसले. गाणाऱ्या बायकांनी हिरवी बटणं एका बशीत वेगळी काढली. शुक्रवारवाला टेबलाखाली गुडघ्यावर बसून खाली सांडलेली बघत होता. पोपटी सापडलं, शेवाळी सापडलं, निळसर सापडलं. एक तर इतकं जवळचं होतं, की ताईंचा जीव वर-खाली झाला. त्यांनी ते कोटावर धरलं, खिडकीशी नेलं. नव्हतं. भोकं चार हवी होती, त्याला दोनच होती.

"लावू का हेच?" ताईंनी हळूच विचारलं. "लांबून कळणार नाही."

गृहस्थांनी विचार केला. घाई त्यांना आजही नव्हती. "नको," ते म्हणाले. "तिला कळलं असतं."

ताईंना वाईट वाटलं. अगदी आतून वाटलं. आपण बोलावलं, माणूस आला, आणि रिकाम्या हाताने चालला. पण गृहस्थांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्यांनी कोटाची घडी घातली, बाह्या आत घेतल्या, कागद गुंडाळला आणि सुतळीची गाठ मारली.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मिळेल. पुढचं कधी आहे?"

ताईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं. दोघी बहिणी, गाणाऱ्या बायका, पेपरवाले दोघे, सगळे ताईंकडे बघत होते. ताई सांगतील ते खरं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांतल्या कुणाच्याही मनात दुसरी शंकाच नव्हती.

"पुढच्या महिन्यात," ताई म्हणाल्या. "पहिला शनिवार."

टेबलाखालून शुक्रवारवाला बाहेर आला, गुडघे झटकले आणि खिशातून पेन्सिल काढली. संपादकांनी डब्यातून हात उपसला.

"ताई! अहो, तो लिहून घेतोय! तुमच्या तोंडावर!"

"बघतेय ना मी. म्हणून तर हळू सांगतेय." त्या शुक्रवारवाल्याकडे वळल्या. "पहिला शनिवार. हीच खोली. चार ते सहा. सहा लिहिलंत का?"

त्याने कागद त्यांच्यापुढे धरला. ताईंनी चष्मा घातला आणि शेवटपर्यंत वाचला.

"एवढं घाला," त्या म्हणाल्या, "की एक मोठं हिरवं बटण हवंय. चार भोकांचं."