आधी आवाज झाला

मामा एकतीस वर्षांत आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. यायचा, पण खिडकीपर्यंत. बाहेरूनच आईच्या हातात पिशवी द्यायचा, ‘बरी आहेस ना ताई’ विचारायचा आणि सायकल वळवायचा. बाबा तेवढा वेळ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. झोप नाही, काही नाही. नुसता राग.

सोमवारी आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. हृदय कमजोर आहे, काही सांगता येत नाही, असं म्हणत डॉक्टरांनी कागदावर सही घेतली. घरी आल्यावर आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “माझा भाऊ या टेबलाशी बसून जेवला पाहिजे. तुमच्यासमोर. सोमवारच्या आत.”

“जेवू दे की,” बाबा म्हणाले. “मी बाहेर जातो.”

“तुम्ही बाहेर गेलात तर मी दवाखान्यात जात नाही. बसा मग आयुष्यभर लंगडीला सांभाळत.”

शनिवार दुपारचं ठरलं.

मामा पोलिसात शिपाई होता. खाणीतला संप चिघळला तेव्हा त्याला चौथ्या फाटकावर उभं केलं. समोर संपवाल्यांत बाबा. खाली छताला लाकडी टेकू लावायचं काम करायचे ते. त्या दिवशी अश्रुधूर सुटला, लाठ्या चालल्या. बाबांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, त्यांचा जोडीदार लंबू, त्याचा एक डोळा गेला. मी नऊ वर्षांची होते. मला आठवतात त्या रस्त्यावर राहिलेल्या चपला, एकेकट्या, जोड नसलेल्या.

मग चौकशी झाली. चौकशी कसली, बुटाला कोळशाची धूळ लागली की रुमाल शोधणारा एक साहेब आला आणि फाटकाबाहेरच्या खोलीत चहा पिऊन गेला. खाणीत एकदाही उतरला नाही. त्यानं अहवालात लिहिलं, कामगार दगड उचलायला वाकले, म्हणून बळ वापरावं लागलं. पुरावा म्हणून एका शिपायाचा जबाब जोडला. खाली सही मामाची. त्या जबाबावर अकरा जणांची नोकरी गेली. अकराही जण पुन्हा कधी खाणीत दिसले नाहीत. त्यात लंबू होता, त्यात बाबा होते.

“एकानंही दगड उचलला नाही,” बाबा आजही म्हणतात.

“मी माझ्या डोळ्यांनी बघितलं,” मामा खिडकीतून आईला सांगायचा. “सगळेच्या सगळे खडीवर वाकले होते.”

दोघांपैकी एक जण खोटारडा, हे मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. कोण, तेवढं ठरत नव्हतं. बाबा माझे, म्हणून मामा. पण मामाच्या तोंडाकडे बघितलं की तेही जमायचं नाही.

शनिवारी मामा आला. इस्त्रीचा सदरा, हातात संत्र्यांची पिशवी. उंबऱ्याशी अडखळला.

“या फौजदारसाहेब,” बाबा खुर्चीतून म्हणाले. “वॉरंट आणलंय का?”

“फौजदार कुठला, दाजी? शिपाई म्हणूनच रिटायर झालो.”

“का? जबाब तर झकास दिला होतास.”

“झालं सुरू!” आई म्हणाली. ती काठी टेकत भिंतीजवळच्या खुर्चीकडे निघाली होती. “पोरी, वाढ गं. तोंडं भरलेली असली की बोलणार नाहीत.”

मी ताटं मांडली. मामा बसला, पण घास उचलेना. बाबा पाण्याकडे बघत होते. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड त्या दिवशी खोली सोडत होतं, सकाळपासून सामान ओढणं चाललं होतं. त्यांच्या हातून कपाट सुटलं असावं. छतावर काडकन आवाज झाला, चुन्याचे पोपडे ताटात पडले.

पुढचं एका श्वासात झालं. अडुसष्ट वर्षांचे, दम्यानं पोखरलेले बाबा खुर्चीतून उडाले, आईला कवेत घेतलं आणि भिंतीच्या बुडाशी उकिडवे बसले. एक हात आईच्या डोक्यावर, दुसरा जमिनीवर पसरलेला. अख्खं अंग आईवर ओणवं.

आणि मामा? मामा ताठ उभा राहिला होता. खांदे रुंद, मान वळवून कुणी काय फेकलं ते शोधत होता.

वरून कुणीतरी ओरडलं, “काही नाही हो, कपाट पडलं!”

मामाला ते ऐकू गेलं नसावं. तो बाबांच्या जमिनीवरल्या हाताकडे बघत होता.

“दाजी,” तो म्हणाला, “असेच वाकला होतात. सगळे. असेच.”

बाबांना दम लागला होता. “खाणीत छत बोललं की... भिंत धरायची. बुडाशी. पहिल्या दिवशी शिकवतात.”

“रस्त्यावर छत कुठं होतं?”

“ते पायांना कुठं कळतं?”

मामा मटकन खाली बसला, त्यांच्यासमोर, फरशीवर.

“फाटकाच्या भिंतीला लागून खडीचा ढीग होता,” तो हळू म्हणाला. “रस्त्याच्या कामाची. शंभर माणसं एकदम खडीत हात घालताना दिसली मला.”

“अश्रुधुराचं नळकांडं फुटलं म्हणून.”

“नाही. तुम्ही वाकलात, मग ते सोडलं. मी तसंच सांगितलं. मला तसंच...” तो थांबला. त्यानं वर छताकडे बघितलं, मग पुन्हा बाबांच्या हाताकडे. “आवाजाशिवाय तुम्ही वाकला नसता.”

“नाही.”

“मला कुणी पढवलं नव्हतं, दाजी. आईशप्पथ. दिसलं तेच लिहून दिलं.”

“अकरा घरं बसली तुझ्या दिसण्यावर.”

मामानं मान खाली घातली. बाबांनी त्याला तसंच राहू दिलं. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत, आणि का म्हणावं?

“अहो, तुमचा संप झाला असेल तर मला उठवा,” बाबांच्या काखेतून आई म्हणाली. “खुबा सोमवारी काढायचाय. आज नाही.”

एका बाजूनं बाबा, दुसऱ्या बाजूनं मामा, असं दोघांनी तिला उचललं. “काखेत धर, दंडाला नको.” “कळतं मला.” “काय कळतं, लाठी धरल्यासारखा धरतोयस!” आई हसायला लागली, हसताना कळ आली, तरी हसत राहिली. तिला खुर्चीत बसवलं. मी ताटं बदलली.

“कागद दे पोरी,” मामा म्हणाला. “नवा जबाब लिहितो.”

“आता कोण वाचणार तो?” मी रागानंच विचारलं.

“लंबूची बायको वाचेल,” बाबा म्हणाले. “तिला सगळे दगडफेक्याची बायको म्हणतात अजून. पण आधी जेव. मग हात धुऊन लिही.”

मामा जेवला. आईनं त्याच्या ताटात दोनदा वाढलं, नको म्हणताना वाढलं. एकतीस वर्षांचं वाढत होती.

मग त्यानं हात धुतले आणि चष्मा लावला. बाबा खुर्ची ओढून त्याच्या शेजारी सरकले.

“वाकले लिहू नकोस. बसले लिही.”

“वाकले पण होते ना, दाजी?”

“बसले.”

“बरं. वाकून बसले.”

“आणि वेळ? सकाळचे अकरा.”

“साडेबारा. माझी ड्युटीच बाराला लागली.”

“अकरा! मी तिथं होतो.”

“मी पण तिथंच होतो.”

आईनं डोळे मिटून काठी फरशीवर आपटली. “वेळेची जागा कोरी सोडा. पुढचं लिहा.”

मामानं जागा कोरी सोडली आणि पुढची ओळ लिहायला घेतली.