सारख्या जाडीच्या रेघा

आमच्या जळगावच्या ऑफिसात नकाशे काढायला लागून मला अठरा वर्षं झाली. धरणगावचे मिस्त्री कौतिक नाना तेव्हापासून आमचीच कामं करायचे. इंग्रजी टिपा त्यांना वाचता येत नसत, म्हणून आम्ही दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं : ठेवायची भिंत जाड रेघेत, पाडायची बारीक रेघेत. एवढ्या वर्षांत नानांची एक वीट चुकली नाही.

मार्चमध्ये साहेबांचा चिरंजीव जितेंद्र पुण्याहून शिकून आला आणि येताना कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा नवा प्रोग्रॅम घेऊन आला. जुन्या प्रोग्रॅममध्ये जाडी रंगावरून ठरायची. लाल रेघ जाड छापायची, पिवळी बारीक. नव्याला रंगाशी काही देणंघेणं नाही. फैजपूरच्या केळी पिकवायच्या गोदामाचा नकाशा त्यात नेऊन छापला, तर सगळ्या रेघा सारख्याच बारीक, पाव मिलिमीटरच्या. मी म्हटलं, "दोन दिवस द्या, एकेका रंगाची जाडी बसवून देते."

"कामिनीताई, मापं बरोबर आहेत ना? मग रेघ जाड काय आणि बारीक काय!" जितेंद्र हसला. साहेबही हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नकाशा तसाच फैजपूरला गेला.

चौथ्या दिवशी ऑफिसचा फोन वाजला. जितेंद्रने उचलला, "नकाशात आहे तसंच करा" म्हणाला आणि ठेवला.

"कोण होतं?" मी विचारलं.

"मिस्त्री. रेघांचं काहीतरी विचारत होता."

मी तेव्हाच नानांना फोन करायला हवा होता. मोबाईल समोरच पडला होता. नाही केला. म्हटलं, होऊ दे याची फजिती, मग कळेल रेघ म्हणजे काय. खोटं कशाला सांगू, हेच मनात आलं होतं.

संध्याकाळपर्यंत नानांनी गेल्या वर्षीच बांधलेली, आतून थंडी धरणारे पत्रे लावलेली भिंत पाडली. नेमकी तीच ठेवायची होती.

गोदामाचा मालक तणतणत आला. साहेबांनी बिनदिक्कत सांगितलं, "मिस्त्रीला नकाशा कळला नाही. आजपासून त्याला आमचं काम बंद. तीन दिवसांनी या, त्याच्यासमोर नकाशा दाखवतो." साइटवरचा कागद जितेंद्र आधीच गाडी काढून घेऊन आला होता. मालक गेल्यावर साहेब माझ्या टेबलाशी आले.

"कामिनीताई, ते जाड-बारीक नीट करून द्या. तारीख जुनीच राहू द्या. दोन दिवस लागतात ना तुम्हाला? घ्या."

घेतले मी. घरात कमावणारी मी एकटी, चाळिशीनंतर कोण नोकरी देतं, अशी कारणं माझ्याकडे होतीच. रेघा मात्र सुरेख बसवल्या, याची आजही लाज वाटते.

ठरल्या दिवशी मालक आला, नानाही आले. साहेबांनी नकाशा पसरला. नाना बराच वेळ वाकून बघत राहिले. त्या भिंतीच्या जाड रेघेवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

"माले तं त्या दिनले बठ्ठ्या रेघा बारीकच दिसन्यात," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "कामिनी, तूच सांग. हाऊच कागद व्हता का?"

साहेब बघत होते. जितेंद्र खिडकीबाहेर बघत होता.

"हो, नाना."

"मंग मन्हाच डोया गयात," नाना म्हणाले. "तुन्हा हातना नकाशा कधी चुकस का?" आणि त्यांनी मालकापुढे हात जोडले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या सुनेचा, ज्योतीचा फोन आला. धुळ्याच्या डॉक्टरांनी नानांचे डोळे तपासले होते. त्यात काहीच दोष नव्हता.

"तरी म्हणतात, आता मिस्त्रीकाम होनार नाही. हत्यारंबी वाटून टाकली. असं काय झालं हो ताई तिकडे?"

मी म्हटलं, "काही नाही गं. वय झालं त्यांचं."