शेठाणी ज्याला घाबरायची

मी एक जुना टॉवेल आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहून आता कुणाला ते ओळखता येणार नाही. कडा उसवल्या आहेत, मधोमध मी पार विरलो आहे, आणि मूळचा रंग शोधायला भिंग लागेल. पण मित्रांनो, एके काळी मी पांढराशुभ्र होतो आणि मला त्याचा गर्वही होता.

माझा जन्म गिरणीतला. आम्ही सगळी भावंडं एका लांबलचक ताग्यात एकमेकांना जोडलेली होतो. मग कात्री चालली, कडा शिवल्या गेल्या आणि आमची ताटातूट झाली. कुणी हॉटेलात गेलं, कुणी दवाखान्यात. मी आलो एका सलूनमध्ये. तेव्हापासून लोकांच्या गळ्यात पडणं हाच माझा धंदा झाला.

सलून रस्त्याला लागूनच होतं. अरुंद खोली, दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात पाणी तापवायची शेगडी. मालक दोन होते. थोरले मालक वयानं थकलेले. हात थरथरायला लागला तसा त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि दाराजवळचा बाक धरला. काम पाहायचे त्यांचे चिरंजीव, म्हणजे धाकटे मालक. हात हलका आणि जीभ त्याहून हलकी, असा माणूस.

थोरल्यांनी मुलाला कात्री हातात देण्याआधी टॉवेल झटकायला शिकवलं होतं. ती त्यांची शिस्तच होती. "गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की टॉवेल त्याच्या देखत झटकायचा," ते सांगत. "मागच्याचे केस तर पडतातच, पण तो आवाज ऐकला की माणूस निर्धास्त मान पुढे करतो." माझी दोन टोकं धरून धाकटे मालक मनगटाला असा काही हिसका देत की मी हवेत फटाक करून वाजायचो. बाहेरून जाणाऱ्यालाही कळायचं की आत कुणीतरी बसलं. माझं कौतुक झालं ते त्या आवाजापायी. मीही शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग सलूनमध्ये शेठाणी आली.

शेठाणी म्हणजे एक मांजर. राखाडी अंगाची, पोटाकडे पांढरी. मागच्या बोळातून एक दिवस आत शिरली आणि गिऱ्हाईक उठल्यावर ऊब राहिलेल्या खुर्चीत पाय दुमडून बसली, जणू दुकान तिच्याच नावावर आहे. तिथेच तिला नाव मिळालं. थोरल्या मालकांचा तर तिनं ताबाच घेतला. दात पडलेला एक कंगवा त्यांनी तिच्यासाठी बाजूला काढला आणि बाकावर बसून ते तिची पाठ विंचरू लागले. "माझा हात कापतो, पण हिची तक्रार नसते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वस्तरा सुटल्यापासून त्यांच्या हातांना दुसरं काम उरलं नव्हतं. मुलगा कामात, गिऱ्हाइकं घाईत. दिवसभर त्यांचं बोलणं ऐकून घेणारं ते एकच मांजर होतं.

पण शेठाणीला खुर्ची सोडवत नव्हती. ती नुसती बसत नसे, रेक्झिनवर नखंही घासायची. एका खुर्चीच्या हाताचा कापूस बाहेर आला. कुणाच्या काळ्या पँटला राखाडी केस चिकटले. धाकट्या मालकांच्या नाकी नऊ आले. त्यांनी उपाय शोधला तो मी. शेठाणी खुर्चीवर चढली की ते मला तिच्या कानाशी झटकत. फटाक! ती उडी मारून बोळात पसार होई आणि बसलेली गिऱ्हाइकं हसत.

"मारत तर नाही ना मी तिला?" धाकटे मालक म्हणायचे. "आजवर बोट लावलेलं नाही. नुसता आवाज!"

जनावरांचे एक डॉक्टर दाढीला यायचे. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि तोंडाला साबण असतानाच बोलले. "अहो, तुम्हाला वाटतंय ती खुर्चीला भ्यायला शिकतेय. ती टॉवेलला भ्यायला शिकतेय. तुमची पाठ वळली की खुर्ची पुन्हा तिचीच."

"मग काय करू? समजावून सांगू?"

"तिला नखं घासायला हक्काची जागा द्या. एखाद्या खांबाला गोणपाट गुंडाळा, खुर्चीच्या जवळच. उन्हात एक स्टूल ठेवा. खुर्चीवर चढली तर काही न बोलता उचलून स्टुलावर ठेवायची, आणि तिथे बसली की एखादा घास द्यायचा. जरा वेळ लागेल. पण मांजर धाकानं शिकत नाही, सोयीनं शिकतं."

"वा! वेगळं स्टूल, वर घास. मग दाढीही करून देतो तिची, मिश्या तेवढ्या ठेवतो!" धाकटे मालक म्हणाले, आणि सलून हसलं. डॉक्टरही हसले. काय करणार, वस्तरा गळ्याशी होता.

थोरल्या मालकांनी मात्र ते मनावर घेतलं. थरथरत्या हातांनी त्यांनी स्टुलाच्या पायांना गोणपाट गुंडाळलं. सुतळीची गाठ काही बसेना, तरी त्यांनी ती बसवलीच. आपल्या ताटातला घास ते तिच्यासाठी राखून ठेवू लागले. आणि मित्रांनो, शेठाणी शिकली! गोणपाटावर नखं घासू लागली, स्टुलावर अंग चाटत बसू लागली. जुन्या सवयीनं चढायची ती खुर्चीवर कधीमधी. मग थोरले उठून तिला पोटाखाली हात घालून उचलत आणि स्टुलावर ठेवत. तेवढं उठणं त्यांच्या गुडघ्यांना जड जाई, पण ते उठत.

धाकट्यांना तेवढा धीर नव्हता. समोर गिऱ्हाईक उभं असताना कोण उचलणार आणि कोण घास देणार? टॉवेल खांद्यावरच असायचा. एका फटक्यात काम व्हायचं. म्हणून ते मला झटकत राहिले आणि शेठाणीला मी नुसता खुंटीवरून निघालेला दिसलो तरी तिचे कान मागे जाऊ लागले. मला वाईट वाटायचं. मी मऊ होतो हो, माणसांच्या तोंडावर शेक देताना तर लोणी. पण तिला ते कधी कळायचंच नव्हतं.

त्या दिवशी दुपारी रस्त्यावर ब्रेक करकरले. सामान पोचवणारी एक गाडी क्षणभर थांबली आणि निघून गेली. थोरले मालक बाकावरून कसेबसे उठले. "शेठाणी," ते म्हणाले, "आपली शेठाणी आहे."

ती रस्त्याच्या कडेला पडली होती. मागचे पाय हलत नव्हते, पण डोळे उघडे होते आणि पोट वरखाली होत होतं. धाकट्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. खरंच सांगतो, त्यांचंही तिच्यावर प्रेम होतं. त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा डॉक्टरांचा आवाज आला.

"थेट हात लावू नका. दुखावलेलं मांजर आपल्या माणसालाही चावतं. मागून जा, खाली बसा, टॉवेल अलगद अंगावर सोडा, डोकं झाका. अंधार झाला की ती शांत होईल. मग पाठ वाकू न देता पुठ्ठ्यावर सरकवा आणि पुठ्ठ्यासकट खोक्यात ठेवा. पाणी पाजू नका. आवाज अजिबात नको. मी निघालोच."

"तू जा," थोरले मालक मुलाला म्हणाले. "माझे हात नाही ऐकायचे."

एका गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक धावत रस्त्यात गेलं आणि दोन्ही हात पसरून गाड्या अडवून उभं राहिलं. कुणीतरी पुठ्ठा फाडून आणला, कुणी रिकामं खोकं. धाकटे मालक मला घेऊन पाऊल न वाजवता तिच्या मागे गेले आणि गुडघ्यांवर बसले. सगळं डॉक्टरांनी सांगितल्याबरहुकूम चाललं होतं. मला वाटलं, आता तरी तिला कळेल मी कसा आहे ते. तिच्या अंगावर पडायला मी अगदी आतुर झालो होतो.

माझ्यावर गिऱ्हाइकाचे कापलेले केस होते. धाकट्यांनी माझी दोन टोकं धरली आणि पसरण्याआधी त्यांच्या मनगटानं आपलं आपण, विचारल्याशिवाय, हिसका दिला.

फटाक!

शेठाणीनं मला पाहिलं. पुढच्या दोन पायांवर सगळं अंग ओढत ती अशी सरपटली की कुणाला पुढे व्हायला सवडच मिळाली नाही. गटारावरच्या दोन लाद्यांमध्ये फट होती. त्या फटीत ती गेली. आधी डोकं, मग ते लुळे पाय.

त्यांनी लादी उचलली. तोवर ती आतल्या पाइपात शिरली होती. कुणी हात घातला की ती आणखी मागे सरकायची. डॉक्टर आले, त्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं, जमिनीवर आडवं होऊन बॅटरीनं आत पाहिलं. पाइप पुढे वळत होता. थोरले मालक फुटपाथवर पालथे पडून तिला हाका मारत राहिले. ती दोनदा ओरडली. मग ओरडायची थांबली.

"ती जगली असती का, डॉक्टर?" धाकट्यांनी विचारलं.

"ते तपासायलाच मिळालं नाही मला," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

धाकटे मालक वडिलांजवळ बसले. "बाबा, मी मुद्दाम नाही केलं. हाताला सवय..."

"माहितीये," थोरले म्हणाले. "मीच लावली."

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, तुमच्या हातांना अजून सवयी लागायच्या आहेत. म्हणून सांगतो. मांजर ओट्यावर चढलं, गादी खरवडली, तर त्याला दुसरी जागा दाखवा आणि धीर धरा. त्याला घाबरवू नका, आवाजानंही नाही. रस्त्यात एखादं पडलेलं दिसलं तर आधी मोठ्या माणसाला बोलवा, मग एक मऊ कापड, एक पुठ्ठा आणि गप्प बसणं, एवढं लागतं. हे मी सांगतोय खरं. पण त्या सलूनमध्येही हे सगळं सांगून झालं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि खोकंसुद्धा तयार होतं.

माझं काय झालं म्हणाल, तर धाकटे मालक मला फेकून देणार होते. थोरल्यांनी फेकू दिलं नाही. "त्याला दुकानाचा वास आहे," ते म्हणाले. "त्या वासानं येईल ती." त्यांनी मला नेऊन त्या फटीच्या तोंडाशी अंथरलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर वीट ठेवली आणि शेजारी बशीत घास ठेवला. ते अजूनही येतात. वाळलेला घास काढतात, ताजा ठेवतात, माझ्या सुरकुत्या हातानं सारख्या करतात आणि वाकून आत एक हाक मारतात. आतून काही येत नाही. येणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि बहुतेक त्यांनाही. पण मी असा तिच्या दारात पडून आहे, हे मला सोसत नाही. टॉवेलला तोंड नसतं, नाहीतर मी त्यांना केव्हाच विनवलं असतं. तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेलात तर एवढं करा: वीट बाजूला सारा आणि मला तिथून उचला. बशी तेवढी राहू द्या.