घुंगराच्या कप्प्यातली हिरवी बाटली

मित्रांनो, मर्ल टकफील्डच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी एक लाकडी पेटी आहे. सफरचंदाच्या खोक्याच्या फळ्या, चामड्याचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना बोटभर भोके. ती मी. वय पन्नासच्या पुढे. मत्सर हा माझा जुना रोग आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यावाचून पुढची हकीकत कळायची नाही.

ह्युऑन नदीच्या खोऱ्यात तेव्हा बागोबागी ससे माजले होते. मर्लच्या नवऱ्याने, क्लॅरीने, एका हिवाळ्यात मला ठोकून तयार केले. आत मऊ गवत अंथरले आणि एका टोकाला छोटा कप्पा काढला. त्यात घुंगरू राही. मुंगसासारखा लांबट, चपळ असा फेरेट नावाचा प्राणी मी पोटात घेऊन जाई. क्लॅरी त्याच्या गळ्यात घुंगरू बांधून त्याला सशाच्या बिळात सोडी. बिळांच्या तोंडांवर जाळी, आत घुंगराची किणकिण आणि पाहता पाहता ससा जाळीत!

"बायको रुसली तर चालेल, पण ही पेटी हरवता कामा नये," असे क्लॅरी मित्रांना सांगे.

"मग संध्याकाळी जेवायलाही पेटीकडेच माग!" मर्ल म्हणे.

तिला माझा हेवा वाटतो, या आनंदात मी कितीतरी वर्षे काढली.

क्लॅरी आपल्या फेरेट माद्यांना आत्यांची नावे देई. शेवटची इनिड. "आत्यासारखीच चावते," असे तो कौतुकाने म्हणे. पुढे क्लॅरी गेला. मर्लला मूलबाळ नव्हते. त्याच्या हातची म्हणून एवढी इनिडच उरली. मर्लने तिला घरात घेतले आणि बाहेर न्यायला जाळीची खिडकी असलेली निळी कापडी पिशवी आणली. मी धुणीघरातल्या फळीवर गेले. तिथून स्वयंपाकघर दिसे. ती निळी बया खुंटीवर डुलताना पाहिली की माझे खिळे तापत.

इनिड सहा वर्षांची झाली आणि एके दिवशी भिंतीकडे टक लावून बसली. मागचे पाय ओढत चालू लागली. जनावरांची डॉक्टर रोवेना घरी येऊन तपासून गेली.

"हिच्या स्वादुपिंडात गाठ आहे, मर्लबाई. ती रक्तातली साखर खाली ओढते. माणसांच्या मधुमेहाच्या अगदी उलट. दर चार तासांनी मांस द्या, उपाशी अजिबात ठेवू नका, गोळी चुकवू नका. कोसळलीच तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक माझ्याकडे या."

मर्लने सगळे कागदावर उतरवून घेतले. पण गोळी कडू. इनिड ती थुंकून टाकी. आठवडाभराने शेजारची नोरीन आली, हातात हिरवी बाटली घेऊन.

"अगं, या थेंबांनी माझी साखर कशी ताळ्यावर आली बघ. मेथी, कारलं, गुडमार. सगळा झाडपाला."

"पण इनिडची साखर कमी होते म्हणे."

"कमी काय नि जास्त काय, झाडाला कळतं बाई कुठं धरायचं ते! आणि बाधणार काय त्यात? पालाच तर आहे."

"पाला तर कण्हेरीलाही असतो," मर्ल हसून म्हणाली. पण बाटली ठेवून घेतली.

सशाच्या रश्शात थेंब टाकले की इनिड चमचा चाटूनपुसून साफ करी. दोन दिवस ती जरा तरतरीत दिसली. मग काय विचारता! बाटलीला खिडकीतली उन्हाची जागा मिळाली. मर्ल तिला रोज पदराने पुसावे तसे ॲप्रनच्या टोकाने पुसे. माझ्या अंगावर वर्षभर फडके फिरले नव्हते. फुटो मेली, मी म्हणे. खोटी ठरो.

तेवढ्यात नोरीनचा कोबी सशांनी कुरतडला. "शनिवारी सकाळी एकच फेरी मारू. इनिडलाही बरं वाटेल," मर्ल म्हणाली. आणि मित्रांनो, शुक्रवारी तिने मला खाली काढले! निळ्या पिशवीचे तिथे काय काम? तिने माझ्या पट्ट्याला तेल लावले, नवे गवत घातले. त्याच संध्याकाळी तिने इनिडची वाटी उचलली. पोट भरलेले फेरेट बिळातच झोपून राहते, म्हणून आदल्या दिवशी उपास, हा इथल्या सगळ्या सशेमारांचा नियम. मर्लचे हात तो नियम डोक्याला न विचारता पाळत. डॉक्टरचे शब्द मीही ऐकले होते. पण मला वाचा असती, तरी त्या संध्याकाळी मी गप्पच बसले असते. इतकी मी खूश होते.

सकाळी रश्शाशिवायच थेंब दिले गेले. घुंगरू इनिडच्या गळ्यात गेले आणि रिकाम्या कप्प्यात मर्लने बाटली ठेवली. माझ्या कप्प्यात! मी जळत राहिले. म्हणूनच आतली नखांची खरखर कधी थांबली, ते माझ्या ध्यानात आले नाही.

कोबीच्या वाफ्याजवळ झाकण उघडले. इनिड कुशीवर पडली होती, पाय ताठ, तोंडातून लाळ.

"झोपली असेल गं," नोरीन म्हणाली.

"डोळे उघडे ठेवून? मध दे! न्याहारीच्या टोपलीत आणलास ना?"

"चमच्याने पाजू का?"

"पाजू नकोस, घशात अडकेल!" मर्लने बोटाने हिरड्यांना मध चोळला. खूप वेळाने जीभ किंचित हलली. नोरीनने गाडी काढली. वाटभर मर्लचे एक बोट माझ्या भोकातून आत होते.

"शेवटचं कधी खाल्लं?" डॉक्टरने विचारले.

"काल दुपारी."

"आणखी काही दिलंत?"

नोरीन बुटांकडे पाहू लागली. मर्लने माझा कप्पा उघडून बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरने बाटलीच्या पोटावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचली, "रक्तातली साखर उतरवण्यासाठी. फक्त माणसांकरिता. मद्यार्कात."

"मी पाच वर्षं घेते. मला कधी काही झालं नाही," नोरीन रडत म्हणाली.

"तुमची साखर वर जाते म्हणून. हिची आधीच तळाला गेलेली, त्यात उपास आणि वर हे थेंब. बाटली आणलीत ते बरं केलंत. नाहीतर साखर चढवूनही पुन्हा का उतरते, ते मला कळलं नसतं."

मी खाली फरशीवर होते. खोटी ठरो, असे मी म्हटले होते. ती ठरली, पण इनिडच्या जिवावर. आणि खोटी तरी कशी म्हणू? आपले काम तिने अंगावर लिहून ठेवले होते. वाचले नाही ते मर्लने. जळत बसले ते मी.

तिसऱ्या दिवशी इनिड घरी आली, माझ्यातून. आता ती माझ्यातच झोपते. गोळी यकृताच्या तुकड्यात लपून पोटात जाते. वाटी कोणी उचलत नाही. घुंगराच्या कप्प्यात मधाची बरणी आणि डॉक्टरचा कागद असतो. हिरवी बाटली नोरीनच्या फळीवर परत गेली, तिथे ती शोभते. निळ्या पिशवीचा मात्र मला अजून हेवा वाटतो. सगळे रोग बरे होत नाहीत.

इनिडचाही नाही. गाठ तशीच आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या मुक्या जिवाला कुणाच्या मायेचा झाडपाला देण्याआधी बाटली डॉक्टरला दाखवा. त्या जिवाला बोलून सांगता येत नाही, आणि आम्हा पेट्यांचा भरवसा धरू नका.

रोज सकाळी मर्ल माझ्या झाकणावर दोनदा टकटक करते. आतून नखांची खरखर आली, की मगच चहाचे आधण ठेवते. तेवढा वेळ भोकांची पेटी असूनही मी श्वास रोखून बसते.