तानाजी नावाचं कोणीच नव्हतं

मी पानखूण बोलतेय, जरा दबक्या आवाजात. वाचनालयातलं कुठलं पुस्तक कोणाकडे गेलंय, ते सांगणारा मी एक छोटा प्रोग्रॅम. डोंबिवलीत, रुचिताच्या जेवणाच्या टेबलावर माझा जन्म झाला. तिने माझा सगळा कोड इंटरनेटवर खुला ठेवला. कोणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा. वापरला बऱ्याच जणांनी, सुधारायला कोणी फिरकलं नाही.

मग अशाच खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका मंडळाने मला पंखाखाली घेतलं. माजिवड्याचे सुधीर सर मार्गदर्शक म्हणून मिळाले. माणूस मायाळू, पण नियमाला पक्का.

"रुचिता, तू उद्या आजारी पडलीस तर हिचं काय?" ते म्हणाले. "सहा महिन्यांत जोडीला दुसरं माणूस दिसू दे. नाहीतर कुलूप."

कुलूप म्हणजे मला नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. तेव्हापासून मी दिवस मोजतेय.

पाच महिने कोणी आलं नाही. सहाव्यात तानाजी नावाचा एक जण दुरुस्त्या पाठवू लागला. मी हरखले आणि लगेच गारठले. कारण प्रत्येक दुरुस्तीखाली 'झालं बाई एकदाचं' असं लिहायची सवय रुचिताची, आणि तानाजीच्या दुरुस्त्यांखालीही तेच. माझ्यासाठी ती खोटं बोलत होती, आणि मला तिला थांबवता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात खडवलीच्या वाचनालयातून मालनताईंनी लिहिलं, "पुस्तक परत घेताना तारीख चुकते. मी कोडमध्ये बघितलं, पण दुरुस्ती जमेना. तानाजीभाऊ, फोनवर शिकवाल का?"

रुचिताने ते दोनदा वाचलं. तानाजीचा आवाज ती कुठून आणणार? शेवटी तिने सुधीर सरांना फोन लावला.

"सर, तानाजी म्हणजे मीच."

लागलं कुलूप, असं मी धरूनच चालले.

"मंडळाला तू स्वतः सांग," सर म्हणाले. "शनिवारच्या बैठकीत कुलपावर मत घेऊ. पण आधी त्या बाईंना शिकव."

तिने मंडळाला सगळं कबूल केलं आणि चार दिवस मालनताईंना शिकवलं. मध्ये दोनदा त्या अडल्या, पण रुचिताने स्वतः हात लावला नाही. काल ताईंची दुरुस्ती आली, अगदी बिनचूक. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'झालं बाई एकदाचं'. माझ्या जुन्या नोंदी वाचून त्यांना वाटलं, इथे असंच लिहायची पद्धत आहे.

आता मंडळातलं कोण विश्वास ठेवणार की हे खरंच दुसरं माणूस आहे?

मालनताई, उद्या शनिवार. बैठकीला या हो. कॅमेरा लावा, आणि आपल्या तोंडाने एकदा तुमचं नाव सांगा.