मन्नूबियाचा हात

बालवाडी चालवणाऱ्या मादाम वहीदांनी दोरसाफला खिडकीपाशी उभं केलं, दोन बोटांनी तिची हनुवटी उचलली आणि डावा गाल उजेडाकडे वळवला. गालावर लाल पट्टे उठले होते, त्यांवर पाण्याचे बारीक फोड, आणि जुन्या पट्ट्यांचे तपकिरी डाग पार कपाळापर्यंत. बाहेर अंगणात बालवाडीची मुलं गाणं म्हणत होती, म्हणजे ओरडत होती.

"खरं सांग. घरी कोणी हात उगारतं का तुझ्यावर?"

दोरसाफला हसू आलं. घरात ती आणि आई, दोघीच. आणि आई तर झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडणारी.

मादाम वहीदा हसल्या नाहीत. मुलांच्या आया फाटकाशी कुजबुजत होत्या. निम्म्या म्हणत हा रोग पोरांना लागेल, निम्म्या म्हणत बाई मार खाते. सोमवारपर्यंत घरी राहा, त्या म्हणाल्या. तोवर कारण कळलं नाही, तर मला दुसरी कोणी बघावी लागेल. तीन वर्षं अर्ज करून मिळालेली नोकरी, आणि लागून जेमतेम महिना झाला होता.

दोरसाफ रडत बसणाऱ्यातली नव्हती. गेले तीन आठवडे ती एकेक गोष्ट सोडून बघत होती. आधी वासाचा साबण सोडला, मग क्रीम, मग दोऱ्याने चेहऱ्यावरची लव काढून घेणं. नवी ओढणी कपाटात टाकली. शेवटी जेवणातली हरिसाही सोडली, आणि ट्युनिशियातल्या बेनी खियारमध्ये त्या मिरचीच्या वाटणाशिवाय घास गिळणं म्हणजे उपासच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हीच यादी विचारली आणि मलम दिलं. पट्टे उठायचे ते उठतच राहिले.

तिच्या आईला, मन्नूबियाला, मात्र कारण पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शेजारची शादलीया. नोकरीचा पहिला आठवडा पुरा झाला तशी ती मकरूदची, खजूर भरलेल्या रव्याच्या वड्यांची, बशी घेऊन आली, "नशीब काढलं हो पोरीने," म्हणाली आणि पुढे, नजर लागू नये म्हणून म्हणतात ते, माशाअल्लाह म्हणायचं विसरली. एवढ्यावर वीस वर्षांचा शेजार संपला. बशी तेव्हापासून फडताळात पडून होती, कारण रिकामी बशी परत करायची नसते आणि भरून द्यायला मन्नूबियाचा हात होत नव्हता. दुसऱ्याच सकाळी तिने दारातल्या कुंडीतली सतापाची पानं चुरडून, निघता निघता, लेकीच्या गालाला आणि कपाळाला चोळली. नजरेला तो उग्र वास सोसत नाही म्हणतात. दोन दिवसांनी पुरळ उठलं, तेव्हा नजर लागल्याची तिची खात्रीच झाली. मग पुरळ वाढलं तशी पानंही वाढली.

त्या दिवशी घरी आल्यावर दोरसाफ आरशासमोर उभी राहिली. मादाम वहीदांचा प्रश्न आईला सांगून झाला, तरी डोक्यातून जाईना. तिने स्वतःचा हात गालावर ठेवून पाहिला. पट्टे बोटांएवढेच होते, पण उलट्या बाजूला कललेले, समोरून कोणी हात लावावा तसे.

"आई, जरा मागावरून ऊठ. इकडे ये. सकाळी लावतेस तसा हात लाव."

मन्नूबियाने हात लावला. बोटाखाली बोट बसलं. मागाच्या धोट्याने कधीकाळी मोडलेली तिची वाकडी करंगळी, तीसुद्धा वाकड्या पट्ट्यावर अचूक बसली.

मन्नूबियाने हात असा काढून घेतला, की जणू गालच तापलेला होता. मग ती चिडली. माझ्या आईने मला हाच पाला लावला, तिला तिच्या आईने, कुणाचं काही वाकडं झालं नाही, म्हणाली. दोरसाफने शांतपणे विचारलं, तेव्हा तुम्ही सगळ्या उन्हात किती असायचात? मन्नूबिया आजही पाला चोळून झाला की हात धुऊन मागावर बसे, दिवसभर सावलीत. दोरसाफ मात्र पाल्याचा रस तसाच गालावर घेऊन अर्धा तास उन्हात चालत जाई आणि मग अंगणात मुलांमागे धावे.

"बरं. बघू कुणाचं खरं ते."

शुक्रवारी भर दुपारी मन्नूबियाने मूठभर पाला घेतला, डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत चोळला आणि गच्चीवर जाऊन बसली. ऊन मी म्हणत होतं. समोरच्या गच्चीवर शादलीया कपडे वाळत घालत होती. तिने काहीतरी विचारलं, मन्नूबियाने पाठ फिरवली. तिसऱ्या प्रहरची, असरची बांग होईपर्यंत ती हलली नाही.

शनिवारी तिने बाही वर करून दाखवली. कातडी जशीच्या तशी.

"पाहिलंस? आईला शिकवतेस."

 त्या रात्री दोरसाफला जेवण गेलं नाही. आता सोडून बघायला काहीच उरलं नव्हतं.

रविवारी मन्नूबियाने बाही वर केली नाही. एवढ्या उकाड्यात पूर्ण हाताचा झगा घालून ती रवा भाजत बसली, खजूर ठेचत बसली, आणि लेकीकडे एकदाही पाहिलं नाही. दारातली कुंडी कोणीतरी गच्चीवर नेऊन ठेवली होती.

सोमवारी दोरसाफ निघाली. सवयीने उंबऱ्यावर थांबली, गाल थोडा पुढे केला, आणि स्वतःच ओशाळली. मन्नूबिया अंगावर सफसारीची पांढरी चादर घेऊन दारातच उभी होती. हातात शादलीयाची बशी, मकरूदने शिगोशीग भरलेली. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. हातावर एकेका बोटाएवढे लाल पट्टे होते, त्यांवर टपोरे फोड.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "रोज सकाळी. माझ्याच हाताने."

"आई, तुला काय ठाऊक होतं."

"चल. आधी शादलीयाकडे जाऊ, मग तुझ्या बाईंकडे." तिने बशी दोन्ही हातांनी नीट धरली. "घरी कोण हात उगारतं, ते विचारत होत्या ना त्या? मी दाखवते."