उरलेल्या नळीचं पाणी

मुलगा आणि सून नळ्या निवडायला बसले तेव्हा हिल्डूर तिथंच होती, खिडकीशी मोजे विणत. तिच्यासमोर बोलू नये असं कुणाला वाटलं नाही. म्हातारं माणूस आणि भिंतीवरचं घड्याळ त्या घरात सारखंच.

रोलांडनं, तिच्या मुलानं, जेवणाच्या टेबलावर कॅटलॉग पसरला होता. तेलाचा बंब काढून घर जमिनीच्या उबेवर तापवायचं ठरलं होतं. त्यासाठी अंगणभर काळ्या प्लास्टिकच्या नळ्या पुरायच्या, आणि चर खणलेच आहेत तर विहिरीपासूनची पाइपलाइनही नवी टाकायची. अडचण एकच होती. विहीर आणि दोन्ही घरं, मोठं आणि हिल्डूरचं छोटं, यांच्या मधोमध तेलाची जुनी टाकी पुरलेली, आणि ती वर्षानुवर्षं गळत आलेली. तिथली माती काळी निघाली आणि वासानं कुत्रंसुद्धा चराजवळ जाईना.

"साध्या प्लास्टिकमधून तेल हळूहळू आत झिरपतं," रोलांड बायकोला, ॲनेलीला, सांगत होता. "गरमीच्या नळ्यांना त्याचं काय, त्यातलं पाणी कुठं कुणी पितंय. पण आपल्या पिण्याच्या पाण्याला ॲल्युमिनियमचा थर असलेलीच घ्यायची. महाग पडेल, पडू दे. आपल्या पोरीच्या, तिंद्राच्या पोटात जायचंय ते."

"आणि आईंच्या घराला?" ॲनेलीनं विचारलं.

"गरमीच्या नळीतली उरेल की. ती अशी किती वर्षं पिणार आहे."

ॲनेली हसली. हिल्डूरच्या सुईवरचा टाका निसटला, तो तिनं उचलला आणि पुढं विणत राहिली. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

शेतीवाडी रोलांडच्या नावावर करताना सगळ्यांदेखत ठरलं होतं, त्या गावात पूर्वीपासून ठरत आलंय तसंच: अंगणातलं छोटं घर, ऊब आणि पाणी म्हाताऱ्या माणसाला मरेपर्यंत. रोलांडनं शब्द पाळला, हो, पाळला. ऊब दिली, आणि पाणीही दिलं.

पुढच्या शरद ऋतूत त्या पाण्याला वास यायला लागला. हिल्डूरनं सांगितलं तर रोलांड म्हणाला, "आई, बाबांचा ट्रॅक्टर तुझ्या नाकातून अजून निघालेला नाही." मग त्यानंच नगरपालिकेला फोन केला. आईला भास होतात, एकटी राहू शकत नाही, वृद्धाश्रमात जागा बघा. छोटं घर मासे धरायला येणाऱ्या जर्मन पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं त्याच्या मनात होतं, आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं.

पालिकेची बाई हिल्डूरला बघायला येणार म्हटल्यावर म्हातारीनं बेत केला. आपण पाण्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. आपण काढलं की भास. पाहुणीच्या तोंडून आलं की खरं. रात्रभर नळीत मुरलेलं पाणी तिनं सकाळी पहिल्या धारेला किटलीत भरलं, त्याचीच कॉफी उकळली, नाक लावून पाहिलं. डिझेलचा भपकारा आला. हिल्डूरला कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

अगं वेडे, त्याच गावात जन्म काढलास ना तू? शेजारणीकडची जळकी, खारट, शिळी कॉफी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन छान झालीय म्हणत आलीस. कुणाच्या घरच्या कॉफीला नावं ठेवलेली कधी ऐकलीस?

मार्लेन नावाची ती बाई आली, खुर्चीत बसली. रोलांड, ॲनेली आणि सहा वर्षांची तिंद्राही आली. हिल्डूरनं कप भरले. बाईनं पहिला घोट घेतला, क्षणभर थांबली आणि गिळला.

"छान झालीय, आजी."

रोलांडनं आपला कप एका दमात संपवला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "आईच्या हातची कॉफी म्हणजे काही विचारू नका. घ्या ना अजून."

"अर्धा कप चालेल," बाई म्हणाली, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

हिल्डूरनं बाईचा कप अर्धा भरला. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. ॲनेलीनं बोलण्याच्या नादात त्याच नळाचं पाणी घालून रानफळांचं सरबत केलं होतं आणि तिंद्रा ग्लास तोंडाकडे नेत होती. पोर अजून रीतभात शिकलेली नव्हती. एक घोट, की थुंकणार आणि सगळ्यांसमोर बोलणार. म्हातारीनं फक्त गप्प बसायचं होतं.

तिनं रोलांडकडे पाहिलं. त्याचेही डोळे ग्लासवर होते. त्याला सगळं कळत होतं. आता उठेल, आता हात पुढे करेल, अशी तिनं वाट पाहिली. त्यानं साखरेचं भांडं जवळ ओढलं आणि ढवळत बसला.

हिल्डूरनं ग्लास हिसकावला. सरबत तिंद्राच्या फ्रॉकवर सांडलं आणि पोर भोकाड पसरून रडायला लागली.

"तेल आहे त्यात," हिल्डूर म्हणाली. "तिला नका देऊ."

"मग आम्हाला कॉफी कशी दिलीत, आजी?" बाईनं हळू आवाजात विचारलं.

"तुम्ही सांगावं म्हणून. तुम्हाला वास आला ना? खरं सांगा, आला ना?"

बाईनं हातातल्या दुसऱ्या कपाकडे पाहिलं. तो जवळजवळ रिकामा होता. "मला तर काही जाणवलं नाही," ती म्हणाली.

रोलांडनं लेकीला मांडीवर घेतलं. "बघितलंत ना? आता पोरीच्या अंगावर जायला लागली."

वृद्धाश्रमात सोमवारपासून जागा आहे, बाई म्हणाली. खोलीला खिडकी आहे, समोर बर्चची झाडं आहेत. मग तिनं कॉफीबद्दल पुन्हा आभार मानले आणि हिल्डूरचा हात हातात घेऊन दाबला.

रोलांड बाईला गाडीपर्यंत सोडायला गेला. हिल्डूर खिडकीशी उभी होती. बाईनं गाडीचं दार उघडलं, पाण्याची बाटली काढली, खळखळून चूळ भरली आणि खडीवर थुंकली. पुन्हा भरली, पुन्हा थुंकली. मग बाटली रोलांडपुढे धरली. त्यानंही चूळ भरली.